बसला म्हणजे जुळला नव्हे

लहानपणी आमच्या घरात दिवसातून चार वेळा तरी एक वाक्य ऐकू यायचं, "ॲडजस्ट कर". दादाचा शर्ट मला, माझी दप्तरं धाकट्याला, एस.टी.च्या तिघांच्या बाकावर आम्ही पाच जण. सगळ्यांना सगळं होतंच, नाही झालं तर करून घ्यायचं. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात "युनिव्हर्सल" असं छापलेलं लांबुळकं खोकं दारात येऊन पडलं तेव्हा मला ते अगदी ओळखीचं माणूस वाटलं. सगळ्यांना होणारी वस्तू! अशा वस्तूंवरच तर आपण वाढलो.

त्या खोक्यात होता गिअरबॉक्सचा क्रॉस मेंबर. जुन्या पिकअपच्या पोटाखाली आडवा लावायचा, चार पैशांचा लोखंडी नळीचा तुकडा. त्यावरून गेले सहा महिने घरात, मित्रांत आणि फोनवर कराडपर्यंत इतका वाद झालाय, की एकदा माझी बाजू सविस्तर लिहून टाकावी असं ठरवलं. म्हणजे पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच दाखवता येईल.

आधी गाडीबद्दल. आपल्याकडे ट्रक म्हटलं की मागे "हॉर्न ओके प्लीज" लिहिलेला दहा चाकी डोंगर डोळ्यांसमोर येतो. इथे अमेरिकेत पिकअपलाही ट्रकच म्हणतात. मी म्हणतोय ती आहे १९७२ सालची शेवरोले सी-१०, छोट्या हौद्याची, ११५ इंच व्हीलबेसची. मिशिगनमध्ये आमच्या शेजारी एक आजोबा राहायचे. मोटारीच्या कारखान्यात लेथवर उभं आयुष्य काढलेला माणूस. त्यांनी ती कोरी घेतली होती आणि शेवटपर्यंत स्वतः चालवली. हिवाळ्यात इथे रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याने गाड्यांची चाळण होते. म्हणून ती नोव्हेंबरात आत जायची आणि एप्रिलमध्येच बाहेर यायची. ५० वर्षांची चासी, पण हात फिरवला तर हाताला गंज लागत नाही. आजोबा २०२१ मध्ये गेले. वर्षभराने आजींनी मला बोलावलं आणि बाजारात मिळाली असती त्यापेक्षा बरीच कमी किंमत सांगून म्हणाल्या, तू घे. अटी दोन. प्रदर्शनात ठेवायची नाही, चालवायची. आणि वर्षातून एकदा मला हीतून फिरवून आणायचं.

अशी गाडी घेतली की तिच्याबरोबर एक जबाबदारीही घरात येते. बायको म्हणते, जबाबदारी तुझी आणि तेलाचे डाग माझ्या दारात.

गाडीचा गिअरबॉक्स थकलेला होता. त्यात मूळचा टर्बो ३५०, तीन गिअरचा ऑटोमॅटिक. अतिशय टणक जात, पण ओव्हरड्राइव्ह नाही. माझ्या गाडीच्या मागच्या दातऱ्यांचं गुणोत्तर ३.७३ आणि चाकं २८ इंचांची, म्हणजे ताशी ६५ मैलांना इंजिन मिनिटाला जवळजवळ २९०० फेरे घेतं. हायवेवर शेजारून जाणारे लोक काचा वर करून घ्यायचे. एका मित्राकडे दुरुस्त करून ठेवलेला ७०० आर ४ पडून होता. हा १९८२ साली आलेला चार गिअरचा डबा. पहिला ३.०६, चौथा ०.७०. त्याच वेगाला इंजिन २०५० च्याही आत येतं. मोह न होणं अवघड.

आता अडचण. गिअरबॉक्सची शेपटी ज्यावर टेकते तो आडवा क्रॉस मेंबर चासीला बोल्टने बसवलेला असतो. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून तीन ठिकाणी टेकतात, दोन इंजिनाच्या कुशीला आणि एक इथे. टर्बो ३५० चं हे टेकू इंजिनाच्या मागच्या तोंडापासून साधारण २० इंचांवर येतं, ७०० आर ४ चं साडेबावीसच्या आसपास. टर्बो ४०० घातला असता तर जवळजवळ २७. म्हणजे डबा बदलला की टेकूही मागे जातं, आणि मेंबर तिथे नसतो.

इथे तीन पंथ आहेत. पहिला म्हणतो, मूळ मेंबरच मागे सरकव, चासीला नवी भोकं पाड, झालं. दुसरा म्हणतो, याच गाडीसाठी आणि याच डब्यासाठी बनवलेला तयार मेंबर घे, दुप्पट पैसे पडतील पण झोप लागेल. माझा मेव्हणा या पंथाचा. (त्याने आयुष्यात टायर बदललेलं नाही, पण उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही.) तिसरा पंथ युनिव्हर्सलवाल्यांचा. एक नळी, दोन्ही टोकांना आत-बाहेर सरकणारे तुकडे, दोन कोनाचे ब्रॅकेट, मध्ये लांबट भोकांची बैठक. कुठल्याही रुंदीच्या चासीत घाला, कुठलाही डबा टेकवा.

मी तिसऱ्या पंथात गेलो. कारण सांगतो, त्यात माझं शहाणपण नव्हतं. आजोबांच्या चासीला भोक पाडायचं नव्हतं म्हणून मी मूळ मेंबर सरकवला नाही. आणि खोक्यावरच्या चित्रात मेंबर इतका सहज बसलेला दिसत होता, की याला भोकं लागतच नसतील असं मी धरून चाललो. खोकं उघडल्यावर आत एक कागद. सहा ओळी. त्यातली चौथी ओळ, ड्रिल करा.

वस्तू परत पाठवायची वेळ हीच होती. पण शनिवार होता, गाडी वर चढवलेली होती, नवा डबा इंजिनाला लावून खाली जॅकवर तोललेला होता. तेलासकट सत्तरेक किलोचा तो गोळा जॅकवर असताना माणसाला फार तत्त्वज्ञान सुचत नाही. मी चासीच्या खालच्या आडव्या पट्टीवर ब्रॅकेट ठेवले, खुणा केल्या आणि चार भोकं पाडली. ड्रिलचा तो आवाज अजून आठवतो. बोल्ट सरळ गेले, एकही तिरका नाही, नट हाताने फिरले. मी खाली पडल्या पडल्या स्वतःची पाठ थोपटून घेतली. बसला!

जुना मेंबर कापून त्याचे कान नव्या नळीला जोडावेत असंही एकदा मनात आलं होतं. ग्राइंडर हातात घेतलासुद्धा. लेक जेवायला बोलवायला आली म्हणून तो वाचला. एवढं एकच त्या दिवशी बरं झालं.

बाकीचं पटकन सांगतो. नवा डबा तीन इंचांनी लांब, म्हणून प्रोपेलर शाफ्ट तेवढा कापून, पुन्हा जोडून, बॅलन्स करून आणला. थ्रॉटलची केबल नीट लावली. ती चुकली तर हा डबा आतून जळतो, त्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी भर घालत नाही. एप्रिलमध्ये गाडी बाहेर काढली. गल्लीत मऊ, गावात मऊ, चौथा गिअर पडला की इंजिन कुजबुजायला लागतं. ५५ च्या पुढे तळव्यांना किंचित मुंग्या आल्यासारखं वाटायचं. जुनी गाडी आहे, चालायचंच, असं मी म्हणालो. ॲडजस्ट केलं.

मे महिन्यात आजींना घेऊन गेलो. त्या त्यांच्या जागी बसल्या, म्हणजे बाकाच्या उजव्या टोकाला, काचेला कोपर टेकवून. पन्नास वर्षं त्या तिथेच बसत आल्या. गावाबाहेर पडलो, ६० ला पोहोचलो. मी डब्याबद्दल काहीतरी फुशारकी मारत होतो. आजींनी डॅशबोर्डवर तळहात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि म्हणाल्या, "आमची गाडी अशी थरथरत नव्हती."

तक्रार नव्हती त्यात. मोलकरणीने भांडं वेगळ्या फळीवर ठेवलं तर घरची बाई जशी नुसतं बघून सांगते, तसं होतं ते. पुढे म्हणाल्या, "जुना भाग आहे ना ठेवलेला?" मी आहे म्हणालो. माझ्या पोटात गोळा आला. ग्राइंडर आठवला.

घरी येताना मी एक साधी गोष्ट करून बघितली. ती एप्रिलमध्येच करायला हवी होती. ६० ला असताना गिअर न्यूट्रलवर टाकला. इंजिन आयडलवर आलं, थरथर तशीच. म्हणजे दोष इंजिनात नाही. गाडीचा वेग कमी झाला तशी थरथर कमी झाली. म्हणजे दोष इंजिनाच्या मागे, फिरणाऱ्या शाफ्टमध्ये किंवा त्याच्या कोनात. आणि शाफ्ट तर नुकताच बॅलन्स करून आणलेला.

इथे दुसरा युनिव्हर्सल येतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांना जे सांधे असतात त्यांना युनिव्हर्सल जॉइंट म्हणतात. आपले मेकॅनिक नुसतं "क्रॉस" म्हणतात, कारण आत अधिक चिन्हासारखा तुकडा असतो. युरोपात त्याला कार्डानचं नाव देतात आणि इंग्रज सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूकचं. वाकलेल्या कोनातूनही फिरणं पुढे पोचवतो, म्हणून युनिव्हर्सल. पण त्याची एक खोड आहे आणि ती कुठल्याच खोक्यावर लिहिलेली नसते. सांधा सरळ रेषेत असेल तर जितकं आत तितकंच बाहेर. तो वाकला की आतलं टोक एकसारखं फिरत असलं तरी बाहेरचं टोक प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे पळतं आणि दोनदा मागे रेंगाळतं. १० अंशांचा कोन असेल तर वेग दोन्ही बाजूंना साधारण दीड टक्का हलतो. फेरा पूर्ण होतो, सरासरी बरोबर येते, पण मधली चाल लंगडी.

मग गाड्या चालतात कशा? कारण शाफ्टला असे दोन सांधे असतात. पुढचा जेवढा लंगडतो तेवढाच मागचा उलट लंगडतो, आणि चाकाकडे जाणारं फिरणं पुन्हा सरळ होतं. अट अशी, की शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत हवेत आणि दोन्ही सांध्यांचे कोन सारखे हवेत. गिअरबॉक्सचा अक्ष आणि मागच्या डिफरन्शिअलचा अक्ष समांतर असले की कोन सारखे होतात. साधारण एक ते तीन अंश चांगले. शून्यही नको, कारण अगदी सरळ ठेवला तर क्रॉसमधल्या सुईसारख्या बेअरिंग जागच्या जागी बसून राहतात आणि एकाच ठिकाणी खड्डे पाडतात.

आणि गिअरबॉक्सचा अक्ष किती कलणार हे कोण ठरवतं? तो चार पैशांचा क्रॉस मेंबर. त्याची उंची.

रात्री गॅरेजमध्ये जाऊन मोजलं. इंजिनाच्या टेकवांपासून शेपटीच्या टेकवापर्यंत सुमारे ३५ इंच. माझा मेंबर चासीच्या खालच्या पट्टीच्या वर बसलेला, त्यामुळे बैठक हवी त्याहून पाऊण इंच उंच. ३५ इंचांवर पाऊण इंच म्हणजे सव्वा अंश. इंजिनाला मूळचा तीन अंशांचा कल होता, तो पावणेदोन झाला. शेपटी उचलली गेल्यामुळे शाफ्ट अंशभर जास्त उतरता झाला. पुढचा कोन सव्वाचार, मागचा तीन. दोन्ही पूर्वीपेक्षा मोठे, आणि वर सारखेही नाहीत. ६० मैलांना हा शाफ्ट सेकंदाला जवळजवळ ४५ वेळा फिरतो. फेऱ्याला दोनदा, म्हणजे सेकंदाला ९० धक्के. ते आजींच्या तळहाताला कळले आणि मला तळपायाला कळूनही मी नाही म्हणालो.

बरं, हिवाळ्यात मी कोन मोजला नव्हता असंही नाही. मोजला होता. पण घोड्या चासीखाली होत्या आणि मागचा ॲक्सल खाली लोंबकळत होता. गाडी चाकांवर उभी राहिली की ॲक्सल वर येतो आणि सगळे कोन बदलतात. मी मोजलेला कोन हवेत टांगलेल्या गाडीचा होता. रस्त्यावर ती गाडी कधी धावणारच नव्हती.

दुसऱ्या दिवशी अप्पांना फोन केला. अप्पा कराडच्या एस.टी. आगारात फिटर होते, तीस वर्षं. आता ८१ वर्षांचे आहेत, ऐकू कमी येतं, पण व्हिडिओवर गाडीचं पोट दाखवलं की चष्मा पुसून मोबाइल नाकाशी धरतात. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वळंबा टाकला हुतास का?" म्हटलं, नाही. "पाणसळ?" म्हटलं, नाही. "मग काय बघून लावलास?"

"अप्पा, बोल्ट सरळ बसले. सगळं बरोबर बसलं."

"आरं, बसला म्हंजे जुळला न्हवं," अप्पा म्हणाले. "बसवतं कुनीबी. जुळवावं लागतं. आनि पॅकिंग किती टाकलंस?"

पॅकिंग टाकलंच नव्हतं. खोक्यात नव्हतं.

ज्या घरात "ॲडजस्ट कर" ऐकत वाढलो त्याच घरातला हा माणूस. पण अप्पा स्वतः ते वाक्य कधीच म्हणायचे नाहीत, हे मला त्या फोनवर पहिल्यांदा लक्षात आलं. ते आईचं वाक्य होतं, आणि ते माणसांसाठी होतं. लोखंडाशी अप्पांनी कधी ॲडजस्ट केलं नाही. गाडी जुळल्याशिवाय आगाराबाहेर जायची नाही, कारण तिच्यात पन्नास माणसं बसायची.

पुढचे दोन शनिवार गेले. या वेळी घोड्या मागच्या ॲक्सलखाली आणि पुढच्या चाकांच्या आडव्या हातांखाली, म्हणजे वजन जिथे रोज पडतं तिथेच पडेल अशा. गाडी पाणसळीत. मग शेपटी जॅकवर धरून आधी कोन जुळवला आणि मेंबर त्या कोनाला आणून लावला. पहिल्यांदा मी नेमकं उलटं केलं होतं. मेंबर आधी लावला आणि मग जो कोन येईल तो आपला म्हटला. ब्रॅकेट फिरवून घेतले, आता ते चासीच्या उभ्या बाजूला लागतात. जाड पत्रा चासीच्या आतून पाठीला दिला. खोक्यातल्या बोल्टच्या डोक्यावर एकही खूण नव्हती, ते डबाबंद केले. डोक्यावर सहा रेघा असलेले, म्हणजे ग्रेड ८ चे, आणले. नळी पार्किंग ब्रेकच्या केबलला घासत होती, तिला वाट करून दिली. शेवटी बैठकीखाली एक अष्टमांश इंचाचं पॅकिंग. पुढे सव्वादोन अंश, मागे दोन. अप्पांना फोटो पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला, जो ते एरवी नातवंडांनाच पाठवतात.

उभ्या बाजूलाच का? कारण गाडीचं वजन दोन्ही ॲक्सलच्या मध्ये चासीला खाली वाकवतं. तेव्हा वरची पट्टी दाबली जाते, खालची ताणली जाते आणि मधल्या उभ्या बाजूवर ताण सगळ्यांत कमी. कारखान्याने पट्टीला जी भोकं ठेवली ती हिशेबात धरून ठेवली. मी शनिवारच्या घाईत पाडलेली चार कुणाच्याच हिशेबात नव्हती. आता ती रिकामी आहेत. कडा घासून गोल केल्या, रंग दिला, दर वर्षी तडा गेलाय का बघायचं. पण ती बुजत नाहीत. ५० वर्षं जपलेल्या चासीला माझ्या हातची चार भोकं आहेत आणि राहणार आहेत, यावर मला दुसरं काही म्हणायचं नाही.

आता माझं मत. मेव्हणा म्हणतो, बघ, मी सांगत होतो, युनिव्हर्सल म्हणजे फसवणूक. मला ते पटत नाही. बाजारात जुन्या चासींचे शेकडो प्रकार, त्यांत घालायचे डबे डझनभर, प्रत्येकाचं टेकू वेगळ्या जागी. प्रत्येक जोडीसाठी वेगळा मेंबर कोण बनवून ठेवणार? ज्यांची गाडी फारशी खपली नाही, त्यांना युनिव्हर्सलशिवाय मार्गच नाही. सी-१० नशीबवान आहे, तिच्यासाठी सगळं मिळतं. १९५० च्या दशकातली एखादी विसरलेली पिकअप घेऊन बसलेल्याला मेव्हण्याचा सल्ला काय कामाचा?

तर युनिव्हर्सल वस्तू खोटी नाही. ती अर्धवट आहे. ज्याने या गाडीसाठी खास मेंबर बनवला त्याने माझ्याऐवजी कोन मोजला, उंची ठरवली, भोकांची जागा ठरवली. दुप्पट किमतीतले वरचे पैसे त्या मोजण्याचे आहेत, लोखंडाचे नाहीत. युनिव्हर्सल बनवणारा ते मोजणं माझ्याकडे सोपवतो आणि तेवढे पैसे कमी घेतो. हा व्यवहार मला सरळ वाटतो. माझा राग आहे तो त्या सहा ओळींच्या कागदावर. त्यात "ड्रिल करा" आहे, पण "आधी कोन मोजा" नाही. गाडी कशी उभी करून मोजायचा ते नाही. कुठे भोक पाडू नका, हे तर नाहीच. शिवणयंत्राबरोबर सुई देतात आणि बोट कुठे ठेवू नका तेही सांगतात. इथे दोन ओळींची शाई वाचवली.

आणि त्याहून जास्त राग स्वतःवर. कागदात नव्हतं हे खरं, पण अप्पांचा मुलगा असून मी बोल्ट सरळ गेला हाच पुरावा धरला. भोकाला भोक जुळलं की आपल्याला फार आनंद होतो. तो आनंद धोक्याचा आहे, कारण त्यानंतर माणूस तपासत नाही. खास बनवलेल्या मेंबरबाबतही हेच म्हणेन. मागच्या स्प्रिंगा बदलून कुणी गाडी दोन इंच खाली आणली असेल, तर खास मेंबर अगदी बोल्ट टू बोल्ट बसेल आणि कोन तरीही चुकेल. त्याच्या खोक्यावर "मोजायची गरज नाही" असं लिहिलेलं नसतं, आपण मनाने वाचतो.

म्हणून कुणी विचारलं तर मी असं सांगतो. कोन मोजायचं साधन घरात आहे? नसेल तर ते आधी आण. क्रॉस मेंबरपेक्षा स्वस्त मिळतं. गाडी चाकांवर उभी असते तशी उभी करून मोजायला जागा आहे? घाई नाही? मग युनिव्हर्सल बिनधास्त घे, उंची बदलण्याची सोय असलेला मिळाला तर उत्तम. यातलं एक जरी नसेल तर मेव्हण्याचं ऐक. (हे वाक्य त्याला वाचून दाखवू नये, ही नातेवाईकांना विनंती. :) ) आणि दोन्हींपैकी काहीही घेतलंस तरी मूळचा मेंबर कापू नकोस, विकू नकोस. पुढच्या माणसाला गाडी पुन्हा होती तशी करायची असेल तर त्याची वाट आपण का बंद करावी?

आजोबांचा मेंबर गॅरेजच्या भिंतीवर तारेने टांगलाय. खाली कार्डबोर्डवर दोन्ही वेळचे कोन, उंच्या आणि त्या चार भोकांची जागा लिहून ठेवलीय, भोकं कुणी पाडली तेही. लेकीने अक्षर सुधारून दिलं.

जूनमध्ये आजींना परत घेऊन गेलो. वर्षातून एकदाची अट होती, पण मीच गेलो बोलवायला. तोच रस्ता, तेच ६०. चोराच्या मनात चांदणं, मी तिरक्या नजरेने त्यांच्या हाताकडे बघत होतो. हात मांडीवरच होता. बराच वेळ त्या बाहेर मक्याच्या शेतांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, रेडिओ लागतो का हिचा अजून?

लागत नाही. तारा तपासायच्या आहेत. आणि अप्पांनी बजावलंय, पाचशे मैल झाले की ते बोल्ट पुन्हा एकदा आवळून बघायचे. कालपर्यंत ३४० झालेत.